स्वतःहून सांगते की

"मावशी, हे काय करून राह्यल्या तुम्ही?" संजीवनीने विचारलं.

कोर्टाच्या आवारातल्या कडुनिंबाखाली चांगुणाबाई मांडी घालून बसली होती. समोर फडकं. फडक्यावर ज्वारीच्या भाकरी, ठेचा, फोडलेला कांदा. आणि फडक्याच्या पलीकडे, तितकीच ऐसपैस मांडी घालून, आरोपीची आई.

"जेऊन राह्यलो," चांगुणाबाई म्हणाली. "ये, बस."

"भाकरी लई हायेत," आरोपीची आई पुष्पाबाई म्हणाली. "ताई, तुमी बी सकायपासून उपाशीच दिसता."

संजीवनी सकाळपासून उपाशीच होती. त्यामुळे तिचा संताप आणखी वाढला.

ज्यांच्याविरुद्ध गुन्हा घडला, त्यांना पोलीस ठाण्यापासून निकालापर्यंत सोबत करायची, हे संजीवनीचं काम. बुलडाण्यातल्या एका संस्थेत ती ते करते. संस्थेच्या फळ्यावर या कामाला भारदस्त नाव आहे. प्रत्यक्षात काम असं: साक्षीदाराला धाड गावाच्या जीपमध्ये बसवणे. साक्षीदार जीपमध्ये बसला नाही तर त्याच्या घरी जाणे. न्यायाधीश रजेवर असल्याचं त्याला हसतमुखाने सांगणे. पुन्हा जीपमध्ये बसवणे.

आणखी एक. वकील साक्षीदाराला जे विचारतात, ते कोर्टाच्या कागदावर प्रश्न म्हणून उतरत नाही. ते असं उतरतं: हे म्हणणे खरे आहे की. नाहीतर असं: हे म्हणणे खरे नाही की. मागच्या बाकावर बसून ऐकून ऐकून संजीवनीला मनातल्या मनातही तसंच बोलायची खोड लागली होती.

हे म्हणणे खरे आहे की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोपाल आपल्या बायकोला मारत होता. शेजारची चांगुणाबाई मधे पडली. त्याने कुऱ्हाडीचा दांडा तिच्या तोंडावर हाणला.

हे म्हणणे खरे आहे की तिचा डावा डोळा गेला.

हे म्हणणे खरे आहे की गोपालची बायको माहेरी निघून गेली आणि साक्षीला येणार नाही म्हणाली. म्हणजे साक्षीदार उरली एकच. आणि ती एकच साक्षीदार आत्ता आरोपीच्या आईच्या हातचा ठेचा खात होती.

संजीवनीने तिला दंडाला धरून उठवलं आणि नळापाशी नेलं.

"किती वेळा सांगतलं मावशी? त्यायच्या माणसायशी बोलू नका. त्यायच्यापाशी बसू नका."

"मंग कुठी बसू? जीपमधी बी आमी सोबतच आलो. एकच तं जीप हाय."

"जीपचं ठीक आहे. पण जेवण?"

"तिनं ठेचा आणला, मी भाकरी आणल्या. आमचं वावरातबी तसंच राह्यते." चांगुणाबाईने चूळ भरली. "तिनं का इख घातलं त्यात?"

"काय बोलली ती तुम्हाले?"

चांगुणाबाई पदराने तोंड पुसत राहिली.

"मावशी."

"काई नाई. इतकंच म्हणे, तुले जे सांगाचं ते सांग. मले मधात घेऊ नको. माह्या पोराइरुद्धची साक्ष माह्या नावावर नको."

"तिचं नाव? तुमच्या साक्षीत तिचा काय संबंध?"

"काई नाई म्हटलं ना! तू लई इचारते बापा."

तेवढ्यात शिपायाने पुकारा केला. चांगुणाबाई, सहदेवची बायको, हाजीर आहे का. संजीवनीने वर पाहिलं. पहिल्या मजल्याच्या खिडकीत आरोपीचे वकील उभे होते. हातात चहाचा कप, नजर खाली, कडुनिंबाच्या बुंध्याशी. त्यांच्या चेहऱ्यावर सणासुदीचा आनंद होता.

हे म्हणणे खरे आहे की त्या क्षणी संजीवनीच्या मनात आलं: विचारलं तर नाही म्हणा. सरळ नाही म्हणा, जेवले नाही.

हे म्हणणे खरे नाही की ती तसं बोलली.

*

सरतपासणी बरी झाली. सरकारी वकील विचारत गेले, चांगुणाबाई सांगत गेली. दांडा दाखवला, तिने ओळखला. न्यायाधीश मॅडम एकेक वाक्य नीट करून टंकलेखकाला सांगत होत्या. चांगुणाबाई "हाणला" म्हणाली की मॅडम "मारहाण केली" म्हणत. मागच्या बाकावर पुष्पाबाई. त्याच्या पुढच्या बाकावर संजीवनी. आरोपीच्या जागी इस्त्रीचा शर्ट घातलेला गोपाल.

मग आरोपीचे वकील उठले.

"बाई, या मागं बसलेल्या ताई. यांनी तुम्हाला काय बोलायचं ते शिकवलं ना?"

"शिकवलं तं लई," चांगुणाबाई म्हणाली. "पण मी आइकत नाई तिचं. इचारा तिलेच."

टंकलेखक हसला. मॅडमनी खाली पाहून सांगितलं, "हे म्हणणे खरे नाही की मला साक्ष शिकवण्यात आली."

"आज दुपारी जेवलात?"

"हाव."

"कुणासोबत?"

"पुष्पासंगं."

"पुष्पा म्हणजे आरोपीची आई. एकाच फडक्यावर?"

"मंग का दोन फडके पायजेत?"

"म्हणजे त्या घराशी तुमचं वैर नाही."

"तिच्याशी काऊन वैर राहीन?"

"बरोबर." वकिलांनी आवाज मऊ केला. "कारण गोपालनं तुम्हाला मारलंच नाही. तुम्ही जळतण तोडत होत्या. बाभळीचा काटा डोळ्यात गेला. भाऊबंदाच्या सांगण्यावरून तुम्ही पोराचं नाव घेतलं. ज्यानं डोळा फोडला, त्याच्या घरचं अन्न कुणी खाईल का?"

संजीवनीने बाकाची कड घट्ट धरली. बोला मावशी. बोलू नका मावशी. काहीतरी करा.

"ठेचा तिनं खाऊ घातला, दांडा त्यानं हाणला," चांगुणाबाई म्हणाली. "ते दोघं येगळे माणसं हायेत, साहेब. तुमची आई अन् तुमी एकच हा का?"

"विचारलं तेवढंच सांगा."

मॅडमनी दोघांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि सांगितलं:

हे म्हणणे खरे आहे की मी आज आरोपीच्या आईसोबत जेवण केले. हे म्हणणे खरे आहे की आरोपीच्या कुटुंबाशी माझे वैर नाही. हे म्हणणे खरे नाही की मला बाभळीचा काटा लागला.

उलटतपास संपला. कागद छापून आले. शिपायाने चांगुणाबाईला सगळं वाचून दाखवलं आणि शाईचा पॅड पुढे केला.

तिने हात पुढे केला नाही.

"अंगठा द्या बाई."

"मी बोलली ते कुठी हाय?"

"सगळं आलंय त्यात," मॅडम म्हणाल्या.

"जेवली हे आलं. वैर नाई हे आलं. काऊन जेवली हे कुठी हाय? आइकणाराले वाटीन, बाई खोटी हाय."

द्या अंगठा, संजीवनी मनात ओरडली. कोर्ट उठायची वेळ झाली आहे, देवा, मॅडम चिडतील, तारीख पडेल, मी परत जीप, परत धाड, परत ते कडुनिंबाचं झाड. इतकी हुज्जत या बाईने पोलीस ठाण्यात घातली असती तर जबाब तरी धड झाला असता!

मॅडमनी चष्मा काढला. डोळे चोळले. मग परत लावला.

"बरं. तुम्हाला स्वतःहून काही सांगायचं असेल तर सांगा. लिहून घेते."

चांगुणाबाईने मान वळवली. डावा डोळा नसल्यामुळे तिला मागचं बघायला पूर्ण वळावं लागलं. ती संजीवनीकडे बघत नव्हती. ती तिच्या खांद्यावरून मागे बघत होती. खूप वेळ. मागच्या बाकावरून कुणीतरी अगदी हळू म्हणालं, "चांगुणे. नको."

चांगुणाबाई पुन्हा समोर वळली.

"लिहा. त्यानं मले हाणलं, तवा पुष्पा तठीच होती. तिनंच त्याच्या हातातला दांडा हिसकला. सोताच्या लुगड्यानं माहा डोया बांधला अन् मले दवाखान्यात नेलं. ती नसती तं मी मेली असती. म्हून मी तिच्यासंगं जेवतो. मरेलोक जेवीन. लिहा."

आरोपीचे वकील ताडकन उठले. हे पोलीस जबाबात कुठेही नाही, असं ते म्हणाले. सरकारी वकिलांनी तोपर्यंत बंद केलेली फाइल पुन्हा उघडली. गोपालने पहिल्यांदाच आपल्या आईकडे पाहिलं.

"साक्षीदार स्वतःहून सांगते की," मॅडम टंकलेखकाला म्हणाल्या, आणि या वेळी त्यांनी काहीच गाळलं नाही. बाईच्या तोंडचं "मरेलोक" मात्र "मरेपर्यंत" झालं.

चांगुणाबाईने अंगठा उठवला. पानापानावर, सावकाश, जोर देऊन. मग शाई डोक्याच्या केसांना पुसली.

*

बाहेर आल्यावर संजीवनीला खूप काही बोलायचं होतं. हे आधी का नाही सांगितलं? पोलिसांना का नाही? मला का नाही? एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवून तुम्ही माझ्यासमोर कांदा खात होता? आता सरकारी वकील त्या पुष्पाबाईला साक्षीला बोलवायचा अर्ज करतील, तिला पोराविरुद्ध उभं राहावं लागेल, हे कळतं का तुम्हाला?

"मावशी..."

"कयते मले," चांगुणाबाई म्हणाली. संजीवनीने अजून काही विचारलं नव्हतं.

व्हरांडा रिकामा होत होता. पक्षकार, वकील, कारकून जिन्याने उतरत होते. त्या गर्दीत पुढे पुष्पाबाईचा हिरवा पदर दिसला. ती गोपालच्या मागे, त्याच्यापासून थोडं अंतर ठेवून चालत होती. चांगुणाबाईने हाक मारायला तोंड उघडलं. मग मिटलं. पदर वळणावर गेला. वळून कुणी पाहिलं नाही.

भिंतीला लागून एक लाकडी बाक होता. चांगुणाबाई त्यावर टेकली. अख्खा बाक मोकळा असताना ती अगदी कडेला, उजवीकडे आणखी एकीपुरती जागा सोडून बसली, आणि तिथे मांडीजवळ हात ठेवून पुढे बघत राहिली.

संजीवनीचे पाय सकाळपासून दुखत होते. ती बाकापाशी आली, त्या रिकाम्या जागेकडे बघत थांबली, आणि शेजारी भिंतीला टेकून उभी राहिली.