रक्तात काही सापडलं नाही

घरात, ट्यूबलाइटखाली काळा चष्मा घालून बसलेला माणूस दिसला की लोकांना हसू येतं. मी तोच चष्मा.

दुकानाच्या फिरत्या स्टँडवर होतो तोवर माझे दिवस मजेत गेले. लोक यायचे, मला नाकावर चढवायचे, आरशासमोर मान तिरकी करायचे आणि परत अडकवून जायचे. काही तर माझ्या काचेत बघून नुसता भांगच पाडायचे.

मग एक बाई आल्या. दुकानदाराने नंबर विचारला. "नंबर नाही हो, ह्यांना उजेड सोसत नाही," त्या म्हणाल्या आणि आरशात न बघताच मला घेऊन गेल्या.

त्यांचा नवरा निवृत्त सैनिक. भिंती आणि दारं सुरुंगाने कशी उडवायची, हे तो नव्या जवानांना शिकवायचा. अशा सरावात एकदा स्फोटाच्या धक्क्याने मागच्या भिंतीवर आपटला. क्षणभर शुद्ध हरपली. उठला, कपडे झटकले, चहा प्यायला आणि दोस्तांबरोबर हसलाही. डॉक्टरांनी इजा 'किरकोळ' ठरवली. डोक्यावर साधा ओरखडा नव्हता.

त्यानंतर डोकं ठणकायला लागलं ते थांबलंच नाही. झोप उडाली. बोलता बोलता शब्द हरवायचे. ताट पडल्याचा आवाज झाला की तो भिंतीला चिकटून उभा राहायचा आणि मग लेकीवर ओरडायचा. पोर शहाणी. ती दार आवाज न करता लावायला शिकली, चमचा ताटाला न लावता जेवायला शिकली. पुढे पुढे ती हसायचीसुद्धा शेजारच्या घरी जाऊन.

सैन्य सुटल्यावर तो गाडी शिकवण्याच्या क्लासमध्ये लागला. तिथले सगळे माझ्यामुळे त्याला 'हिरो' म्हणत. एका सकाळी शिकणाऱ्या बाईंनी घाबरून ब्रेकऐवजी भलतंच दाबलं. समोर सायकलवाला. शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. त्याने तो दाबलाच नाही. मी त्याच्या डोळ्यांसमोरच होतो. त्याला सायकल दिसत होती, पण पायापर्यंत हुकूम पोचत नव्हता. सायकलवाला खरचटण्यावर निभावला. ह्याची नोकरी गेली.

थोरला भाऊ घरी आला. "अरे, तुझ्याहून जास्त लागलेले धडधाकट हिंडतायत. डोक्याचे फोटो काढले, काही निघालं नाही. ही सोंगं किती दिवस?"

बायको म्हणाली, "भावोजी, सोंग करणारा माणूस उशी तोंडात धरून रडतो का?"

मग इस्पितळातून बोलावणं आलं. तिथे जुन्या सैनिकांचं रक्त तपासणार होते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "मेंदूला मार बसला की तिथल्या पेशींमधली काही प्रथिनं रक्तात उतरतात. ती मोजता येतात का, त्यावरून पुढे राहणारा त्रास कळतो का, ते आम्ही शोधतोय."

त्याने बाही वर केली. सुई शिरताना इतर माणसं तोंड फिरवतात. हा मात्र नळीत चढणाऱ्या रक्ताकडे आशेने टक लावून बघत होता. घरी जाताना बायकोला म्हणाला, "सापडू दे गं काहीतरी."

आपल्या रक्तात खोट निघू दे म्हणून देवाला साकडं घालणारा माणूस मी जवळून पाहिलाय. आठवडाभर अन्न गोड न लागलेली त्याची बायकोही पाहिलीय. दोघांचं मागणं एकच होतं.

निकालाच्या दिवशी त्याने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचं रक्त अगदी निरोगी माणसासारखं आहे."

त्याने अहवालाचा कागद उलटून मागची बाजूही बघितली.

"मार बसून बरीच वर्षं झालीत. प्रथिनं ओसरूनही जातात. ही तपासणी अजून कच्ची आहे. काही सापडलं नाही म्हणजे तुमचा त्रास खोटा, असं मी म्हणत नाही."

"पण खरा आहे, असं तरी कोण म्हणणार?"

बाईंनी पेनाचं टोपण लावलं, परत काढलं. त्यांनी डोकेदुखीच्या गोळ्या दिल्या, पुन्हा यायला सांगितलं. त्या भल्या होत्या, म्हणून तर त्यांच्यावर चिडताही येईना.

भावाचा फोन आला. "रक्त चोख आहे ना? वा! मग आता लाग कामाला."

त्या दिवसापासून तो बाहेर पडला नाही. आतल्या खोलीच्या खिडकीला जाड चादर ठोकून घेतली. लेक दाराशी जाऊन "बाबा" म्हणते. तो "हं" म्हणतो. कधी तेवढंही नाही. इस्पितळातून पुन्हा बोलावलं होतं, तो गेला नाही. अंधारात बसणाऱ्याला चष्मा कशाला लागतो? मी टेबलावर धूळ खात पडलो.

अलीकडे मात्र मी रोज बाहेर जातो. बायको बेकरीत काउंटरवर काम करते आणि निघताना मला घालते. आभाळ भरलेलं असलं तरी घालते. पाव घ्यायला आलेल्या एकीने विचारलं, "काय गं, डोळे आलेत का?"

"हो ना," ती म्हणाली आणि सुटे पैसे तिच्या हातावर ठेवले.

मी आतून ओला होतो. तुम्हाला कुठे दिसलो तर हसलात तरी चालेल. फक्त मला काढायला सांगू नका.