निळ्याच्या टाकीत पिवळा

दार उघडून ती हॉलमध्ये आली आणि पहिली नजर माशांच्या टाकीकडे गेली. पाण्यात लटकवलेला जाळीदार डबा रिकामा होता. झाकण उघडं.

"बाबा, पिवळा कुठाय?"

सासरे वॉकरला धरून टाकीसमोर उभे होते. कमरेचं हाड मोडल्यापासून त्यांचा सगळा दिवस इथेच जायचा. "सोडला मी त्याला," ते म्हणाले. "काठीने झाकण उघडलं. किती दिवस कोंडून ठेवणार बिचाऱ्याला?"

ती पर्स तशीच सोडून टाकीपाशी धावली.

खाऱ्या पाण्याची ही टाकी तिची. दवाखान्यात एक्स-रे काढायची नोकरी सांभाळून तिने ती उभी केली होती. पिवळा हा नवा मासा आणला तेव्हा पिशवी आधी पाण्यावर तरंगत ठेवली, मग बारीक नळीने थेंब थेंब पाणी सोडून त्याला सवय लावली. तरीही, आजार पसरू नये म्हणून, तो आधी गेला स्वयंपाकघरातल्या लहान टाकीत, एकटा. मध्येच अंगावर पांढरे ठिपके उठले. औषधाने ते गेले, त्यानंतरही तिने घाई केली नाही. कारण मोठ्या टाकीत निळा होता. जुना, आडदांड, शेपटीच्या मुळाशी वस्तऱ्यासारखा काटा असलेला. सासरे त्याला फौजदार म्हणत. दोघांनी एकमेकांना पाहावं, पण एकाने दुसऱ्याला इजा करू नये, म्हणून पिवळ्याला मोठ्या टाकीत आणलं ते त्या डब्यात. फौजदार अजून डब्यावर धडका मारत होता, म्हणून झाकण बंद.

"आधी गप फिरत होता गं," सासऱ्यांचा आवाज उतरला. "मग हा फौजदार मागे लागला. काचेवर काठी आपटली, पण ऐकतोय कुठे!"

मासे शांत व्हावेत म्हणून तिने टाकीचा दिवा बंद केला आणि गुडघ्यावर बसली. पिवळा दोन दगडांच्या फटीत रुतून बसला होता. रंग फिका पडलेला, पाठीवरचा पर फाटलेला. फटीच्या तोंडाशी फौजदार आडवा होऊन शेपटी झाडत होता.

"जाळी घाल, काढ त्याला बाहेर!"

"जाळीला घाबरून तो फटीतून निसटेल. मोकळ्यात सापडला की संपलाच." ती उठून न्हाणीघरात धावली आणि दाढीचा आरसा घेऊन आली. "हा त्या टोकाला काचेवर धरा. बाहेरून."

"आता फौजदाराची दाढी करायची?"

"बाबा, धरा!"

त्यांनी धरला. फौजदाराला तिथे दुसरा निळा दिसला. तो गर्रकन वळला आणि आरशावर तुटून पडला. तेवढ्यात तिने खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. दगड हलवायचे होते, म्हणजे फौजदाराला आपली जुनी हद्द ओळखू येणार नाही आणि पिवळ्याला लपायला आणखी जागा होतील. एक मोठा दगड सरकला मात्र, पिवळा घाबरून उघड्यावर आला. नेमका आरसा घसरला. फौजदार वळला.

"बाबा, आरसा!"

सासऱ्यांनी वॉकर सोडला. दोन्ही हातांनी आरसा काचेवर दाबला आणि स्वतःचा भारही काचेवर टाकला. फौजदार अर्ध्या वाटेत थबकला, आरशाकडे परतला. पिवळा नव्या कपारीत शिरला.

तिने ओल्या हातानेच त्यांना धरून खुर्चीत बसवलं आणि आरसा चिकटपट्टीने जागच्या जागी लावला.

"मला सांगायचंस तरी," ते पुटपुटले.

"सांगितलं होतं, बाबा."

"हो. सांगितलं होतंस." त्यांनी रिकाम्या डब्याकडे पाहिलं. "मला बघवेना. दिवसभर आतून बाहेर बघत बसायचा."

तिने वॉकर उचलून त्यांच्या खुर्चीशी आणून ठेवला.

सकाळी तिने कामावर फोन करून रजा घेतली. दिवा लावला तेव्हा पिवळा दिसलाच नाही. सासऱ्यांचा चहा निवून गेला. मग तिने शेवाळाचा एक तुकडा चिमट्यात पकडून कपारीपाशी धरला आणि हात जराही न हलवता उभी राहिली. बोटांना रग लागली. फौजदार जवळून गेला, रोखून पाहिलं आणि आरशाकडे निघून गेला.

कपारीतून आधी पिवळं तोंड दिसलं. मग फाटका पर. त्याने तुकड्याला चावा घेतला, मागे सरला, परत आला.

"खातोय!" सासरे कुजबुजले.

"खातोय," ती म्हणाली. हात तिने तसाच धरून ठेवला.