रोजा न सोडणारी गिऱ्हाइकं

ट्युनिसियातल्या नाबुल गावच्या हस्तकला भवनात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. रमजानचे दिवस. सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते, तरी माणसं समोरच्या पडद्याकडे टक लावून बसली होती. पडद्यावर जगाचा नकाशा आणि त्याच्यापुढे हातात धुपाटणं घेतलेले सी नौफल. 'सी' म्हणजे आपलं 'श्रीयुत'; गावात कुणी त्यांना नुसतं नौफल म्हणत नसे. 'सी' लावलं नाही तर नजर उलटते, अशी बातमी त्यांनीच पसरवली होती.

त्या दिवशी एका कुंभाराच्या रांजणांची जाहिरात इंटरनेटवर चढवायची होती. सी नौफलनी धूर फिरवला, डोळे मिटले, एक हात खिशात घातला आणि मऊ आवाजात म्हणाले, "या."

नकाशावर ठिपके पेटू लागले. ब्राझील पेटलं, कोरिया पेटलं. कोपऱ्यातला आकडा सरसर चढत गेला. एक ठिपका म्हणजे जाहिरात बघणारा एक माणूस. कुंभाराला रडू कोसळलं. त्याच्या रांजणांकडे इतकी वर्षं शेजाऱ्यानंही धड पाहिलं नव्हतं.

"दुकान म्हणजे काय?" सी नौफल म्हणाले. "एक वस्तू आणि बघणारे डोळे. वस्तू तुमच्याकडे आहे. डोळे मोकाट शेळ्यांसारखे जगभर हिंडतात. मी फक्त हाकतो."

मागच्या एकानं भीत भीत विचारलं, की गेल्या महिन्यात त्याच्या थाळ्यांना भरपूर डोळे मिळाले, पण थाळी एकही खपली नाही. सी नौफल त्याच्याकडे बघून हसले. आधी नजर येते, मग इच्छा, मग हात खिशात जातो, असं त्यांनी समजावलं. "तुझी गिऱ्हाइकं सध्या इच्छेपर्यंत पोचलीत. घाई केलीस तर परत जातील." तो बिचारा आपल्या अधीरपणाची लाज वाटून खाली बसला.

मला मात्र संताप आला होता. मी सिहेम. ट्युनिसमध्ये एका बेकरीच्या माडीवर आमची चिमुकली संस्था आहे. इंटरनेटवरच्या जाहिरातींत कोण कुणाला टोपी घालतो हे शोधायचं, अहवाल लिहायचा आणि फुकट वाटायचा, हे आमचं काम. नफा कमावणं आमच्या नियमांत बसत नाही, आणि नशिबातही नाही. आणि ज्या ठकांवर मी अहवाल लिहिते, त्यांच्यातलाच एक माझ्या गावी येऊन ऊद जाळत होता, अन् पहिल्या रांगेत माझी सख्खी मावशी माना डोलवत होती.

वसीला मावशी नारिंगाच्या फुलांचा अर्क काढते. तिच्या तांब्याच्या भट्टीतून तिच्या आईनं अर्क काढला आणि आजीनंही. नाबुलात कुणाचं लग्न असो की कुणाचं पोट बिघडलेलं असो, हे फुलांचं पाणी वसीलाकडचंच लागतं. आता सी नौफलनी तिला 'महानजर' देऊ केली होती, म्हणजे सबंध जगाचे डोळे एकदम. त्याचे पैसे भरायला भट्टी विकायची. भंगारवाला दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी, रोजा सोडून झाला की, न्यायला येणार होता.

"भट्टीच विकलीस तर अर्क कशातून काढशील?" मी विचारलं.

"एवढी गिऱ्हाइकं आल्यावर दोन नव्या घेईन."

"मावशी, ती माणसं नाहीत. ती यंत्रं आहेत."

"तुला सगळीकडे यंत्रंच दिसतात. म्हणून तर तुझं लग्न जमत नाही."

मी आमच्या प्रमुख हयातबाईंना फोन केला. पूर्वी त्या विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवत. बाई गोल, गोड आणि महाबिलंदर. दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर त्या खजुराचा पुडा घेऊन मावशीच्या अंगणात हजर झाल्या.

अंगणात शेजारणी जमल्या होत्या. सावलीतल्या चुन्याच्या भिंतीवर सी नौफलचा नकाशा उमटला होता आणि कोपऱ्यात घासूनपुसून लख्ख केलेली भट्टी विकायला उभी होती. तिच्याकडे बघवत नव्हतं.

हयातबाईंनी हात जोडल्यासारखा चेहरा केला. "सी नौफल, मी अडाणी बाई. ते ब्राझील मला काही कळत नाही. आज फक्त नाबुलचे डोळे दाखवाल? आपल्याच गावच्या माणसांचे? म्हणजे भरवसा बसेल."

"नाबुल?" सी नौफल म्हणाले. "नाबुल तर माझ्या खिशात आहे." ते खरंच होतं. हात खिशात गेला, धूर फिरला आणि भिंतीवर आमच्या गावाच्या गल्ल्या लखलखू लागल्या. आकडा उड्या मारत निघाला. शेजारणी आपापलं घर शोधू लागल्या.

मग हयातबाईंनी प्रश्नांची माळ लावली. डोळ्यांना चष्मा असला तर चालतो का? तिरळ्या माणसाची नजर एक धरायची की दोन? सी नौफल रंगात येऊन उत्तरं देत राहिले आणि सूर्य कधी बुडायला आला हे त्यांना कळलं नाही. कळलं तेव्हा ते सामान आवरू लागले. पण रोजा सुटायच्या तोंडावर आलेला पाहुणा उपाशी दाराबाहेर गेला तर नाबुलात त्या घराची सात पिढ्या नालस्ती होते. मावशीनं त्यांना दंडाला धरून पाटावर बसवलं.

रोजा सोडायची तोफ झाली.

खजूर तोंडात गेले, शोरब्याचे वाडगे उचलले गेले, अंडं भरून तळलेले कुरकुरीत ब्रिक मोडले. सी नौफलनी ब्रिकचा असा लचका तोडला की आतल्या अंड्याचा पिवळा बलक हनुवटीवरून ओघळला. कुणी बोलत नव्हतं. रस्त्यावर गाडी नव्हती. सगळं गाव ताटावर वाकलं होतं.

आणि भिंतीवरचा आकडा चढतच होता, त्याच चालीनं, जराही न अडखळता.

मावशीचा चमचा हवेतच राहिला. तिनं भिंतीकडे पाहिलं, अंगणाकडे पाहिलं, मग पुन्हा भिंतीकडे.

"सी नौफल," ती म्हणाली, "आत्ता माझी जाहिरात कोण बघतंय?"

"नाबुलचे लोक, लल्ला वसीला," अदबीचं 'लल्ला' लावून ते म्हणाले.

"नाबुलात या घटकेला कुणाच्या हातात चमच्याशिवाय काही नाही. माझा नवरा मरायला टेकला होता, तेव्हा डॉक्टरसुद्धा शोरबा संपवून आला."

सी नौफलनी घास गिळला. "आजारी असतील. प्रवासी असतील. त्यांना रोजा माफ असतो."

"एवढं गाव आजारी? मग सकाळी बाजारात माझ्याशी भांडलं कोण?"

शेजारणी खोखो हसू लागल्या. सी नौफलचा हात खिशाकडे धावला, पण हयातबाईंनी त्यांच्या बोटांत दुसरा ब्रिक दिला होता आणि बोटं तेलकट झाली होती. कशीबशी त्यांनी मोबाइलची कळ दाबली आणि नाबुलचे सगळे दिवे एका झटक्यात विझले. ताकाला जाऊन भांडं लपवता येतं, पण ते असं सगळ्यांच्या पंगतीत नव्हे.

मग हयातबाईंनी सगळं उलगडलं. हे बघणारे म्हणजे भाड्याच्या कॉम्प्युटरांवर चालणारा एक प्रोग्रॅम. तो जाहिरातीचं पान उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो, आणि प्रत्येक वेळी आपला पत्ता नवा सांगतो. ज्या पानांवर जाहिरात लागते तीही नौफलचीच, माणूस तिथं फिरकत नाही. बघण्यागणिक पैसे तुम्ही द्यायचे आणि ते जायचे नौफलला. बोलाचीच कढी, बोलाचाच भात, अन् जेवणारेही बोलाचेच. धूर कशाला, तर खिशातल्या हाताकडे कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून. "खरी माणसं तोफेला मोबाइल खाली ठेवतात," बाई म्हणाल्या. "त्या वेळी सबंध देशाचं इंटरनेट ओस पडतं. यंत्राला भूक लावायचं ह्यांच्या डोक्यातच आलं नाही."

नौफल उठू लागला. मावशीनं त्याला पुन्हा खाली बसवलं. "शोरबा संपव. माझ्या घरातून चोरही उपाशी जात नाही." तो खाली मान घालून शोरबा प्याला, आणि त्या वाडग्याइतका लांबलेला वाडगा मी आयुष्यात पाहिला नाही. दारात भंगारवाला आला तेव्हा मावशीनं त्यालाही वाढलं आणि रिकाम्या हातानं परत पाठवलं. मी भट्टीला मिठी मारून रडले. मावशी म्हणाली, आता पुसून ठेव, डाग पडतात.

दुसऱ्या दिवशी भट्टी पेटली. घरभर नारिंगाच्या फुलांचा वास सुटला, आणि मावशीनं फुलं निवडता निवडता मला विचारलं, "तुमच्या संस्थेचे अहवाल किती लोक वाचतात?"

मी अभिमानानं आकडा सांगितला. तो चांगला मोठा होता.

"ते जेवतात का?"

हयातबाई हसल्या, मग म्हणाल्या, "आज तोफेला आपलाच आकडा बघू." त्या संध्याकाळी तोफेच्या वेळी आम्ही दोघी शोरबा थंड करत कॉम्प्युटरसमोर बसलो. आमच्या वाचकांतल्या निम्म्याहून जास्त जणांनी रोजा सोडला नाही, ते वाचतच राहिले. तेवढी सगळी गिऱ्हाइकं आम्ही आमच्या आकड्यातून काढून टाकली आणि तसं पुढच्या अहवालात पहिल्याच ओळीत छापलं.

तुम्हालाही कुणी आकडा दाखवून दिपवू लागला, मग तो ठक असो, साधू असो की आमच्यासारखी भली संस्था असो, तर धुराकडे बघू नका. मावशीचा प्रश्न विचारा: ही माणसं जेवतात कधी?