पाहणीसाठी सफेदी

सोमवारी समिती येणार हे शनिवारी दुपारी कळलं आणि मोठ्या बाईंच्या अंगात वारं शिरलं. उभ्या नोकरीत त्यांनी कितीतरी पाहण्या झेलल्या होत्या. पाहणी म्हटलं की त्यांचा हात आपसूक झाडूकडे जायचा. शाळेचे फळे पुसून झाले, खिडक्यांच्या जाळ्या धुऊन झाल्या, बाकांखाली चिकटवलेले गोळ्यांचे कागद खरवडून झाले. रविवारी रंगारी बोलावून त्यांनी व्हरांड्याच्या भिंतीला इकडून तिकडे सफेदी मारून घेतली. संध्याकाळी घरी आल्या तेव्हा खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण काहीतरी खुपत होतं. चपलेत खडा गेल्यासारखं, आणि चपला तर दाराबाहेर काढलेल्या.

"बस की जरा," नवरा म्हणाला. "समिती शाळा बघायला येणार आहे, आपला ओटा नाही."

त्या ओटा पुसतच राहिल्या.

"कशाची पाहणी आहे एवढी?"

"ते चित्रकलेचं हो. आमची चित्रबाई येते ना गुरुवारी, तिला ठेवायचं का..."

वाक्य तिथंच अडकलं. हातातलं फडकं ओट्यावर थांबलं. चित्रबाईची वर्षभराची सगळी चित्रकला त्या व्हरांड्याच्या भिंतीवर होती.

नवऱ्याने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "आणि ती भिंत तू आज..."

"बोलू नका."

चित्रकला काय ती फी घेणाऱ्या शाळांतल्या मुलांच्याच वाट्याला का, हा प्रश्न सरकारला एकदाचा पडला होता. मग योजना निघाली. गरीब वस्तीतल्या चार शाळांत मिळून एक चित्रशिक्षक, आणि त्याने वार लावून फिरायचं. वर्षभर चालवून पाहायचं, मग समितीने जायचं. जिथे काम दिसेल तिथे शिक्षक राहील. दिसलं नाही तर तो वार दुसऱ्या शाळेला. या योजनेत आपली शाळा घालण्यासाठी मोठ्या बाईंनी कचेरीचे इतके उंबरे झिजवले होते, की तिथला शिपाई त्यांना काम न विचारताच खुर्ची पुढे करू लागला होता.

शिक्षिका आली. चित्रांचे कागद मात्र आले नाहीत. विचारलं की उत्तर यायचं, "वाटेत आहेत." कुठली वाट होती देव जाणे. शेवटी चित्रबाईने भिंतीचाच कागद केला. घरापासून शाळेपर्यंतचा एक लांबलचक रस्ता, आणि ज्याला वाटेत जे लागतं ते त्याने काढायचं. मोठ्या बाईंनी नाक मुरडत परवानगी दिली. रंगाचे ओघळ त्यांना बघवायचे नाहीत, म्हणून त्या व्हरांड्यातून मान खाली घालूनच जायच्या. पण गुरुवारी कुणाचं पोट दुखत नाही, कुणाची आजी आजारी पडत नाही, हे हजेरी घेताना त्यांच्या ध्यानात आलं होतं. एरवी मनात आलं तर उगवणारी तिसरीतली चिमणी गुरुवारी फाटक उघडायच्या आधी येऊन उभी असायची. त्यांना हा गुरुवार हवा होता. जीव टाकून हवा होता. आणि तो त्यांनी स्वतःच्या हाताने पुसून काढला होता.

सोमवारी सकाळी पाहणीसाठी चित्रबाई आली. भिंतीवर बोट टेकवलं, ते पांढरं झालं.

"हे कुणी केलं?"

"मी," मोठ्या बाई म्हणाल्या. "पाहणी होती गं."

"कशाची पाहणी होती, मोठ्या बाई?"

मोठ्या बाईंनी खिडकीच्या जाळीकडे पाहिलं. जाळी अगदी स्वच्छ होती. "फोटो असतील की तुझ्याकडे."

"कुठून असणार? आल्या आल्या फोन तुमच्या कपाटात. नियम कुणाचा?"

"चांगला नियम आहे तो," त्या सवयीने म्हणाल्या, आणि त्यांनी जीभ चावली. "ओल्या फडक्याने पुसून पाहू? खालचं येईल वर?"

"किती हात मारलेत?"

"तीन. म्हटलं, डाग दिसायला नको."

चित्रबाई हसली. तिचं हसू पाहून मोठ्या बाई जास्त घाबरल्या. रडली असती तर निदान पाणी तरी देता आलं असतं.

"आपण असं करू," त्या कुजबुजल्या. "भिंतीला ओल आली होती, पडायला झाली होती, असं सांगू."

"तुम्ही सांगा काय ते. मी खोटं बोलले की माझे कान लाल होतात."

तेवढ्यात फाटक वाजलं.

समितीत एक अधिकारीबाई होत्या आणि दोन गृहस्थ. मुलं व्हरांड्यात ओळीने बसली होती. एक गृहस्थ आल्या आल्या म्हणाले, "वा! शाळा आहे की आरसा!" एरवी या वाक्यावर मोठ्या बाईंनी आठवडा काढला असता. आज त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"आणि चित्रकलेचं काम?" अधिकारीबाईंनी विचारलं. "ते कुठे ठेवलंय?"

ओल आली होती. भिंत पडायला झाली होती. सगळं जिभेच्या टोकावर तयार होतं. समोर बसलेली चिमणी त्यांच्याकडे पाहत होती. रागाने नाही, नुसती पाहत होती, आता बाई काय म्हणतात म्हणून.

"या भिंतीवर होतं," मोठ्या बाई म्हणाल्या. "काल मी सफेदी मारून घेतली."

"का?"

"तुम्ही येणार म्हणून."

एक गृहस्थ खोकले. अधिकारीबाईंनी पेनाला टोपण लावलं. "म्हणजे जे आम्हाला दाखवायचं, तेच तुम्ही पुसलंत?"

"हो. आजवर जे कुणी आले ते स्वच्छता बघायलाच आले हो. दुसरं काही बघायला येतील, हे माझ्या हाताला माहीतच नव्हतं."

आरसा म्हणणारे गृहस्थ आपल्या बुटांकडे पाहू लागले.

अधिकारीबाई मुलांकडे वळल्या. "काय होतं रे इथे?"

मग चिमणी उठली, भिंतीपाशी गेली, आणि हात न लावता बोट दाखवून म्हणाली, "इथं आमचं दार. त्याला कडी नाही, दोरी आहे."

"खोटारडी! तिथं आधी माझा कुत्रा होता," मागून कुणीतरी ओरडलं. "हिनं त्याच्या शेपटीवर दार काढलं!"

"मग शेपटी आवरून धरायची!"

"आणि इथं बस. उलटी."

"उलटी का?" अधिकारीबाईंनी विचारलं.

"वळायला जागाच उरली नव्हती."

आता सगळीच उठली. कोऱ्या भिंतीसमोर भांडण जुंपलं. दवाखाना कुणाचा, नळावरची रांग कुठवर, पुलाखाली झोपणारा माणूस काढायचा ठरला होता की नव्हता. अधिकारीबाई त्यांच्या मागोमाग चालत होत्या. मोठ्या बाईही चालल्या. कुत्रा, दोरी, बस, यातलं काहीच त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पोरं खरं सांगतायत की थापा मारतायत, हेही त्यांना कळत नव्हतं.

"आणि हे टोक?"

"इथं शाळा. फाटकात मोठ्या बाई," चिमणी म्हणाली. "त्यांचे डोळे राहिलेत. त्या वर बघतच नाहीत, मग कसे काढायचे?"

चित्रबाईने पटकन फाटकाकडे पाहिलं.

"पण अहवालात काय लिहायचं?" दुसरे गृहस्थ म्हणाले. "दिसायला तर काही नाही."

"लिहा, मुलांना भिंत तोंडपाठ आहे," अधिकारीबाई म्हणाल्या. "गुरुवार राहू दे. कागदांचं मी बघते." मग त्या मोठ्या बाईंकडे वळल्या. "पण एक. यापुढे आम्ही कळवून येणार नाही."

"कळवून नाही म्हणजे... कधीही?"

"कधीही."

समिती गेली. चित्रबाईने पिशवीतून रंग काढले. सोमवार होता, पण वार विचारायची कुणाची छाती झाली नाही. पहिला फटकारा भिंतीवर बसला आणि निळा ओघळ सरळ खाली निघाला. मोठ्या बाईंचा हात पदराकडे गेला. त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

"हे आता असंच ठेवायचं?" त्यांनी विचारलं. "आणि उद्या कुणी आलं तर?"

"आलं तर बघतील."

"आणि खाली फरशीवर सांडलंय ते?"

"तेही बघतील."

मोठ्या बाईंनी खुर्ची आणवली आणि व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून बसल्या. थोड्या वेळाने उठल्या, फाटकापर्यंत जाऊन कुणी येतंय का पाहून आल्या. पुन्हा बसल्या.