दोन पहिल्या पानांची वही

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे आणि मला दोन पहिली पाने आहेत.

तुमच्या वहीला एक पहिले पान असते आणि एक शेवटचे. माझे तसे नाही. मला सरळ धरून उघडलेत, तर पहिल्या पानावर 'मतनोंद' असे लिहिलेले दिसेल. मला पालथी करून, डोके खाली पाय वर अशी उघडलीत, तर तिथेही पहिलेच पान आहे आणि त्यावर लिहिले आहे 'गौरव आणि शोक'. दोन्हीकडचे लिखाण मधल्या दिशेने सरकत आले. जिथे ते एकमेकांना भेटले, त्या पानाबद्दल मला तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म एका बांधणीच्या कारखान्यात झाला. सोळा-सोळा पानांच्या पंचवीस घड्या, म्हणजे चारशे पाने. मला शिवणाऱ्या बाईंनी दोरा मेणातून ओढून घेतला होता. पुठ्ठे चढवून झाल्यावर त्यांनी मला मधोमध उघडून टेबलावर ठेवले आणि हात काढून घेतले. मी उघडीच राहिले. "जी वही धरून ठेवावी लागते ती नोंदीची नव्हे," असे त्या पुटपुटल्या आणि पुढच्या वहीकडे वळल्या. माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक.

तिथून मी सभागृहात आले. त्या गोल दालनात एकोणपन्नास सदस्य बसत आणि उंच खुर्चीवर अध्यक्षबाई. कायदा करायचा की नाही, हे सदस्य मत देऊन ठरवत. प्रत्येकाचे नाव पुकारले जाई आणि नोंदनीस माझ्या रकान्यात खूण करीत. बाजूने असेल तर बरोबरची, विरुद्ध असेल तर फुली.

पहिले नोंदनीस फार काटकसरी होते. गौरवाचे ठराव वर्षाला दोन-चार होणार, त्यासाठी वेगळी वही कशाला, म्हणून त्यांनी मला उलटी करून मागून लिहायला सुरुवात केली. त्यांचा अंदाज साफ चुकला, पण शिस्त त्यांनी पक्की घालून दिली. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या ताईंना (सभागृहात सगळे त्यांना ताईच म्हणत) ते एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. सदस्य हजर नसेल तर रकाना मोकळा सोडायचा नाही, तिथे शून्य काढायचे. मोकळी जागा म्हणजे आपण मोजलेच नाही. शून्य म्हणजे आपण मोजले आणि काही सापडले नाही. शिवाय मोकळी जागा पुढे कोणीही भरू शकतो.

नोंदनीस निवृत्त झाले, ताई त्यांच्या खुर्चीवर आल्या. ताईंचे शून्य जरा दाबून काढलेले असे. मागच्या पानाला हाताने कळावे इतके.

आता काकांबद्दल सांगते. ते एक सदस्य होते. त्यांच्यापेक्षा वयाने मोठी माणसेही त्यांना काकाच म्हणत. माझी मागची बाजू त्यांनीच भरली, असे म्हटले तरी चालेल. त्यांच्या भागातली टपालवाली निवृत्त झाली, काकांनी गौरवाचा ठराव आणला. दवाखान्यातल्या नर्सबाईंची पंचवीस वर्षे झाली, ठराव. पुराच्या दिवसात पुलावर उभे राहून लोकांना परत पाठवणारा चौकीदार, त्याचाही ठराव. त्या दिवशी ती माणसे नवे कपडे घालून वरच्या सज्जात बसत. काका वाचत आणि शेवटी सगळे सभागृह उभे राही.

तुम्हाला वाटेल की हा सगळा देखावा असणार. तसे नव्हते, म्हणून तर ही गोष्ट सांगायला जड जाते. काका प्रत्येकाच्या घरी जात, त्याचे काम समजून घेत. नर्सबाई इंजेक्शन देण्याआधी आपले गार हात श्वासाने गरम करून घेतात, हे त्यांच्या घरच्यांनाही ठाऊक नव्हते. काकांनी ते लिहिले. वाचताना त्यांचा आवाज खरोखर अडखळे. ज्येष्ठ सदस्य चहा पिताना चेष्टा करीत, की काकांच्या भागात जन्माला यावे आणि सरकारी नोकरीत मरावे, म्हणजे माणसाचे सोने होते.

आता मला सरळ करा. टपालवालीला उन्हातून फिरण्यासाठी वाहन द्यावे की नाही, यावर मत झाले, काकांपुढे शून्य. नर्सच्या पाळीचे तास कमी करण्याचे विधेयक, शून्य. चौकीदारांना पक्की खोली, तिथे फुली, कारण पक्षाने तसे सांगितले होते. एकदा ताईंनी निवांत बसून मोजले. काकांनी ज्यांचे गौरव केले, त्यांच्या कामाशी संबंधित अकरा मतदाने झाली होती. सहा शून्ये, तीन फुल्या, दोन बरोबरच्या खुणा. ताईंनी कागद घडी करून खणात ठेवला आणि कोणाला काही सांगितले नाही. हे सगळे माझ्याच पोटात होते, तरी मला ते तोपर्यंत दिसले नव्हते. मला कोणी एकदम दोन्हीकडून वाचतच नाही.

शेवटी काका पाणीमामांपर्यंत आले. पाणीमामा म्हणजे पाणीपुरवठ्याचे व्हॉल्व्हमन. रस्त्याखालच्या चेंबरमध्ये उतरून मोठे चाक फिरवायचे, की या गल्लीचे पाणी बंद आणि त्या गल्लीचे सुरू. जमिनीवर लोखंडी सळई टेकवून, तिच्या दुसऱ्या टोकाला कान लावून ते सांगत, की जलवाहिनी कुठे गळते आहे. पोरे त्यांना पाणीमामा म्हणत, म्हणून सगळेच म्हणू लागले.

त्यांच्या कामाबद्दल एक विधेयक आले होते. चेंबरमध्ये उतरण्यापूर्वी आतल्या हवेतला प्राणवायू मीटरने मोजावा आणि एकट्याने उतरू नये, एवढेच. एका इंजिनीयरबाईंनी त्याचे कारण सभागृहाला समजावले. लोखंड गंजते तेव्हा हवेतला प्राणवायू खाते. चेंबर महिनोन्‌महिने बंद असेल, तर आतले गंजलेले नळ तिथला प्राणवायू खाऊन टाकतात. उरलेल्या हवेला वास नसतो, रंग नसतो, धूरही नसतो. उतरणाऱ्याला काही कळत नाही. दोन-चार श्वास घेतले की तो खाली पडतो. ओरडायलाही वेळ मिळत नाही.

अधिवेशनाचा तो शेवटचा दिवस होता. त्याच दिवशी दुपारी पाणीमामांचा गौरव ठेवला होता. मामा सकाळीच आले होते, अंगातल्या नव्या शर्टावर दुकानातल्या घड्या अजून दिसत होत्या. सोबत त्यांची लेक होती. ती बसमध्ये कंडक्टर. काका दोघांना घेऊन चहाच्या खोलीत बसले. ठरावातल्या एका ओळीवर त्यांचे अडले होते. नोकरीला एकतीस वर्षे झाली की बत्तीस? मामा बोटांवर मोजत होते, लेक आपल्या जन्मावरून हिशेब लावत होती. तेवढ्यात मतदानाची पहिली घंटा झाली. मामांनी विचारले, तुम्हाला जायचे असेल ना? काका म्हणाले, अजून एक भाषण बाकी आहे, वाजू दे.

भाषण करणारे सदस्य घसा बसल्यामुळे बोललेच नाहीत. तिसऱ्या घंटेनंतर सभागृहाची दारे बंद करतात, मग अगदी अध्यक्षांनाही ती उघडता येत नाहीत. काका धावत आले ते बंद दारापाशी. बाजूने चोवीस, विरुद्ध चोवीस. तिथल्या नियमाप्रमाणे बरोबरी म्हणजे नामंजूर. काकांच्या नावापुढे ताईंनी शून्य काढले. नेहमीपेक्षा जास्त दाबून.

दुपारी गौरव झाला. एकतीस वर्षे. सगळे उभे राहिले, विरुद्ध मत देणारे चोवीसही. बाहेर पडताना मामांनी ताईंना विचारले, "आमच्या मीटरचं काय झालं?"

"पडलं विधेयक, मामा."

"बरं," ते म्हणाले. "पुढच्या खेपेला होईल."

पुढची खेप दोन महिन्यांनी होती. पाचव्या आठवड्यात पाणी बंद पडलेल्या एका गल्लीचा व्हॉल्व्ह उघडायला मामा एकटे उतरले. झाकण उघडे, शेजारी चपला आणि सळई, असे लोकांना दिसले तोवर उशीर झाला होता.

नवे अधिवेशन शोकप्रस्तावाने सुरू झाले. काकांनी तो वाचला, पण पूर्ण वाचता आला नाही. शेवटचा परिच्छेद अध्यक्षबाईंनी वाचला. तेव्हा माझ्यात एकच कोरी बाजू उरली होती. त्या पानाच्या एका बाजूला चोवीस-चोवीसचे मतदान होते. दुसऱ्या बाजूला, उलट्या दिशेने, ताईंनी शोकप्रस्ताव लिहिला. अशी मी भरले.

तिसऱ्या दिवशी काका नोंदकक्षात आले. मामांची लेक प्रस्तावाची नक्कल न्यायला येणार होती. काका खुर्ची ओढून बसले. मग त्यांनी हळू आवाजात सांगितले, की चूक झाली तर नोंदीवर रेघ मारून दुरुस्ती करता येते, तसा नियम आहे. आपण त्या विधेयकाच्या बाजूने होतो हे सगळ्यांना ठाऊक आहे.

"ती पान उलटेल, ताई. मी मनानं बाजूनेच होतो."

ताईंनी मला जवळ ओढले. "काका, मनाचा रकाना नाही माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "तुमचा शब्द न्‌ शब्द मी जसाच्या तसा लिहिला. हेही तसंच राहू दे."

काका उठून गेले नाहीत. ते जाऊ शकले असते, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते.

लेक आली ती गणवेशातच, खांद्याला तिकिटांची पिशवी. ताई नक्कल उतरवू लागल्या. ती उभ्या उभ्या मूळ पान वाचत होती. वाचता वाचता तिचे बोट एका जागी थांबले. कागद तिथे फुगीर लागत होता.

"हे काय उमटलंय मागून?"

ताईंनी काकांकडे पाहिले, मग मला सरळ केले आणि पान उलटले. तिने विधेयकाचे नाव वाचले. मग एकोणपन्नास नावांवरून नजर फिरवली, एकेक करून, तिकिटे तपासावीत तशी. शून्य एकच होते.

मग ती काकांना म्हणाली, "त्या वेळी आपण चहाच्या खोलीत होतो."

"हो."

"एकतीस का बत्तीस, ते बघत होतो."

"हो."

"एकतीस बरोबर होतं," ती म्हणाली.

काकांनी चष्मा काढला आणि तो पुसायचे विसरून हातात धरून बसले. ती ताईंकडे वळली. "मला या बाजूचीही नक्कल द्या. एकाच कागदावर लिहा, ही बाजू अलीकडे, ती पलीकडे. जशी वहीत आहे तशी." ताईंनी तशी दिली. लेकीने तो कागद पिशवीत तिकिटांच्या गठ्ठ्यामागे ठेवला आणि पुढच्या पाळीला निघून गेली. घरी तिने कोणती बाजू भिंतीकडे केली आणि कोणती खोलीकडे, ते मला ठाऊक नाही.

त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. मी कपाटात सर्वांत खालच्या फळीवर आहे. कडा पिवळ्या पडल्या, एका कोपऱ्याला कसर लागली आहे. कधीमधी कोणी येते, आजीचा किंवा वडिलांचा गौरव शोधते, फोटो काढते आणि जाते. त्यामुळे मागच्या बाजूचा माझा कणा सैल झाला आहे. पुढची बाजू अजून नव्यासारखी ताठ आहे. मीटरचे विधेयक पुन्हा आले का? काकांनी बाजूने मत दिले का? ते माझ्यानंतरच्या वहीत असेल. ती माझ्या शेजारीच आहे, पण ती बंद आहे आणि मीही बंद आहे. आम्ही एकमेकींना वाचू शकत नाही. त्याला माणूसच लागतो.

म्हणून मित्रांनो, एवढेच मागणे. मला उन्हात ठेवू नका, ओल्या हाताने धरू नका, हे तर आहेच. पण कोणाच्या कौतुकाचे पान वाचून तुमचे डोळे भरून आले, तर ते पुसा आणि त्या पानावरून एकदा बोट फिरवा. कुठे फुगीर लागले, तर मला उलटी करा.