वास येतोय का?

मी मॅटॅडोर बोलतेय. चंदीगडला बहाव्याच्या झाडाखाली उभी असलेली, पडदे लावलेली ती निळी गाडी म्हणजे मीच. येणारे-जाणारे मला बघून हसतात. हसू देत बापडे.

जन्म माझा पुण्याकडचा, पण उमेदीची वर्षं इथून जवळच्या डेराबस्सीत औषधांची खोकी वाहण्यात गेली. पुढे बाजारात नव्या गाड्यांचं पेव फुटलं आणि मी कारखान्याच्या मालकाच्या डोळ्यांत सलू लागले. भंगारातच जायची, पण नरेशराव आले. मूळचे साताऱ्याचे, इथल्या युनिव्हर्सिटीत केमिस्ट्री शिकवणारे. सोबत शैलजाबाई. मी पुण्याकडची हे कळताच बाई म्हणाल्या, "अहो, ही तर माझ्या माहेरची निघाली! आता हिला सोडून जायचं नाही."

त्या दोघांनी माझं घर केलं. दोन बाकं, छोटा ओटा, शेगडी आणि ओट्याखाली गॅसचा लहान सिलिंडर. कसौली, नारकंडा, कुठं कुठं हिंडलो आम्ही. रिटायर झाल्यावर हिमाचलात पार वर कल्प्याला जायचं आणि समोर बर्फाचे डोंगर बघत माझ्या शेगडीवर चहा करायचा, हा बाईंचा हट्ट होता.

नरेशरावांना तपकिरीचं भारी व्यसन. केमिस्ट्रीचा माणूस, पण नाक पार कामातून गेलेलं. दूध करपलं तरी पत्ता नाही. म्हणून कुठंही थांबलो की ते काडेपेटी घेऊन दारात उभे राहायचे आणि बाई आत सिलिंडरपाशी वाकायच्या.

"वास येतोय का गं?"

"नाही येत. ओढा काडी."

एवढं झाल्याशिवाय चहा नाही. कधी वास आलाच, तर बाई खिडक्या उघडता उघडता झापायच्या, "नाकात तपकिरीचं कोठार, आणि म्हणे केमिस्ट्री!"

ते रिटायर झाले आणि त्याच थंडीत बाई गेल्या. दवाखान्यात मीच नेलं होतं. परत आणायला मला कुणी बोलावलं नाही. मला रडता येत नाही, पण त्या दिवशी आतून तुटले ती तुटलेच.

नरेशरावांनी तपकिरीची डबी फेकून दिली. रोज लवंग, साबण, बाईंची शाल नाकाशी धरून बघायचे. नाक काही परत आलं नाही.

उन्हाळा लागला तसं त्यांनी मनाशी धरलं, बाईंचा चहा कल्प्याला करायचाच. सामान भरलं, शेगडी लावून बघायला काडेपेटी हातात घेतली. व्हॉल्व्ह बारीक सुरसुरत होता. मला ऐकू येत होतं, पण मी सांगणार कशी? तेवढ्यात शेजारचे रघुवीरजी कुंपणापलीकडून ओरडले, "प्रोफेसर साहब, माचिस मत जलाना! गैस की बू यहाँ तक आ रही है. आपको नहीं आती?"

नरेशराव पायरीवर बसले. "नहीं आती जी," म्हणाले.

मग उठून त्यांनी दारं-खिडक्या उघडल्या, सिलिंडर बाहेर नेला. रेग्युलेटर काढून व्हॉल्व्हमधला चिरलेला रबरी वायसर बदलला. पुन्हा जोडून साबणाचा फेस लावला. एकही बुडबुडा फुगला नाही. काम चोख झालं होतं, त्यांनाही ते कळत होतं. सिलिंडर जागेवर ठेवला, भांड्यात चहाचं पाणी ओतलं आणि सवयीनं दारात येऊन उभे राहिले.

"शैलजा, वास येतोय का गं?"

कोण बोलणार? काडी तशीच पेटीत परत गेली.

तेव्हापासून रोज सकाळी ते येतात. पाणी ओततात, दारात उभे राहतात, तेच विचारतात. थोडा वेळ वाट बघतात. मग पाणी बहाव्याला घालून घरात जातात.

माझी चाकं अजून धड आहेत. कल्प्याचा रस्ता मी चढेन. या बाजूला आलात तर माझ्यासाठी एवढं करा. आत या, सिलिंडरपाशी वाका आणि दारातल्या त्या माणसाला सांगा, "नाही येत. ओढा काडी."