पहिल्यापासून

शिरूरच्या कोर्टाच्या व्हरांड्यात सरकारी वकिलांनी बातमी सांगितली आणि विठाबाईचं टाळकंच सरकलं. जुने साहेब दौंडला बदलून गेले होते. आता नव्या साहेबांपुढे खटला पहिल्यापासून चालणार होता.

"साहेब दौंडला गेलं, तर माझी साक्ष बी पिशवीत घालून नेली व्हय?"

"विठाबाई, याला डी नोव्हो म्हणतात. म्हणजे नव्यानं. असल्या छोट्या खटल्यात साहेब बदलले की आधीची साक्ष धरायची नाही. तुम्ही अजून काही बोललाच नाहीत, असं समजायचं."

बोललेच नाही! तिनं भर कोर्टात उभं राहून सांगितलं होतं. गिरणीत बौद्धांचं दळण सगळ्यांच्या शेवटी, ही गावची रीत. तिनं ती मोडून डबा रांगेत ठेवला आणि गिरणीवाल्या जयसिंगनं तिची ज्वारी रस्त्यावर ओतली. रांगेतल्या झुंबरबाईनंही तेव्हा खरं तेच सांगितलं होतं. आता पुन्हा साक्ष म्हटल्यावर झुंबरबाईला माहेर आठवलं. उरली एकटी विठाबाई. तिचा शब्द टिकला नाही, तर जयसिंग मोकळा आणि दळण पुन्हा शेवटी.

बाकावर जयसिंगशेजारी सरपंच सर्जेराव पान चघळत बसला होता. "इठे, कशाला दमतीस? कोर्टच म्हनतंय, झालं गेलं इसरा."

विठाबाईच्या अंगाची लाही लाही झाली. ज्वारी ओतली तेव्हा हाच गिरणीच्या दारात उभा होता. "वत रस्त्यावर, कोंबड्या खात्याल," हे बोल याचेच. पण वस्तीतल्या जाणत्यांनी हात जोडले होते, सरपंचाशी वैर नको, गावात राहायचंय. म्हणून मागच्या साक्षीत तिनं ते नाव गिळलं होतं, आणि तो मात्र इथं पान खात तिलाच शहाणपण शिकवत होता.

"वकीलसाहेब, मागचं कायबी धरायचं न्हाई ना?"

"नाही."

"मंग मी झाकलं, त्ये बी धरू नका."

वकील काही विचारणार, तोच तिचा पुकारा झाला.

नवे साहेब म्हणाले, "बाई, काय घडलं ते सांगा."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"गिरनीच्या दारात सरपंच सर्जेराव हुबं हुतं. त्येंनीच जयसिंगला सांगितलं."

आत येऊन मागच्या बाकावर बसलेला सर्जेराव घाईनं उठला. साहेबांनी मान वर केली. "हेच का ते?"

विठाबाईनं त्याच्याकडे सरळ बोट केलं.

"व्हय. ह्येच म्हनलं, वत."